मोबाईलमधला इतिहास उतरवून ठेवा

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवण्याचे एक नवे वारे मुंबई-पुण्यातल्या सुखवस्तू घरांत वाहू लागले आहे. आईवडील उच्चशिक्षित, घरात पुस्तकांची कपाटे, चोवीस तास इंटरनेट आणि मुलाजवळ बसायला वेळ, असे ज्यांचे आहे त्यांना हे परवडते. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र या विषयांचे साहित्य आज इंटरनेटवर फुकट मिळते आणि ही मंडळी त्याचा भरपूर उपयोग करून घेतात. त्यांच्याविषयी आमची काही तक्रार नाही. पण घरी शिकणारी मुले आपल्याही वस्तीत आहेत, याकडे कोणाचे लक्ष आहे काय? विड्या वळणाऱ्या आईच्या शेजारी बसून धागा गुंडाळणारी मुलगी, ऊसतोडीच्या टोळीबरोबर सहा महिने फडात राहून आलेला मुलगा, आठवीतून शाळा सुटलेली आणि आता सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसू पाहणारी सून, ही सगळी घरीच शिकतात. त्यांच्या घरी शिकण्याला कोणी इंग्रजी नाव दिलेले नाही, एवढाच फरक.

आमच्यासाठी शाळेचा उंबरठा ही फॅशनची गोष्ट नाही. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि त्याला तो नाकारला गेला, हे सरकारी कागदपत्रांत नोंदलेले आहे. त्याच्या आठ वर्षे आधी, १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई पुण्यात मुलींची शाळा काढून बसले होते. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना जुलै १९२४ मध्ये मुंबईत झाली आणि सभेचे पहिले वसतिगृह ४ जानेवारी १९२५ रोजी निघाले ते आपल्या सोलापुरात. म्हणजे बाबासाहेबांनी संघटना उभी केल्यावर सहा महिन्यांच्या आत जे पहिले काम हातात घेतले, ते पोरांना शाळेजवळ राहता यावे याचे. सोलापूरच्या किती तरुणांना ही तारीख माहीत आहे? म्हणून कोणी आम्हाला म्हणेल की आता सगळे मोबाईलवर आहे, शाळेची गरज काय, तर त्याला उत्तर द्यावे लागेल. २०२३ मध्ये राज्य सरकारने समूह शाळांची योजना पुढे आणली तेव्हा वीसपेक्षा कमी पट असलेल्या सुमारे पंधरा हजार शाळांवर टांगती तलवार आली. त्या शाळा कोणत्या वाड्या-वस्त्यांवरच्या आहेत, हे वेगळे सांगायला नको. संविधानाचे कलम २१-अ आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळा देण्याचे बंधन सरकारवर घालतो. मोबाईल देण्याचे नाही. हे एकदा स्पष्ट केले की पुढचे बोलता येते.

तर काय काय फुकट मिळते? बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येतात, मराठीबरोबर उर्दू, कन्नड, तेलुगूतही. सोलापूरसारख्या चार भाषांच्या शहरात याचे मोल मोठे आहे. एनसीईआरटीची इंग्रजी-हिंदी पुस्तके तशीच मिळतात. दीक्षा हे सरकारी व्यासपीठ आहे. पुस्तकाच्या पानावरचा क्यूआर कोड मोबाईलने टिपला की धडा उघडतो. ही कल्पना आपल्याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी आधी राबवली आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्या शाळेच्या नावाने जगभर गाजला. मराठी विश्वकोशाचे खंड मोफत वाचता येतात. संविधान सभेतल्या चर्चा संसदेच्या संकेतस्थळावर आहेत. आणि आपल्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत मिळतात. वसंत मून यांनी आयुष्य वेचून जे जमवले ते आज एका बोटाच्या अंतरावर आहे.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. याच खंडांच्या छपाईसाठी ५ कोटी ४५ लाख रुपयांचा कागद विकत घेऊन तो पडून राहिल्याची बातमी २०२१ च्या डिसेंबरात आली आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची जनहित याचिका करून घेतली. ज्या सरकारला बाबासाहेबांचे ग्रंथ छापायला वेळ मिळत नाही, त्याच व्यवस्थेच्या दुसऱ्या खात्याच्या संगणकावर ते फुकट पडलेले आहेत! छापील खंडासाठी शासकीय ग्रंथागाराच्या रांगेत उभे राहून मोकळ्या हाताने परतलेला कार्यकर्ता प्रत्येक गावात आहे. त्याला ही पीडीएफ कोणी दाखवली नाही.

पण फुकट मिळते म्हणून ते आपल्या हातात आहे असे समजू नका. या लेखाचा खरा मुद्दा हाच आहे.

छापील पुस्तक एकदा घरात आले की ते घरातून कोणी काढून नेत नाही. रद्दीवाल्याकडे गेले तरी कुठे तरी शिल्लक राहते. इंटरनेटवरच्या पुस्तकाचे तसे नाही. मालक सकाळी जुनी फाईल काढतो आणि त्याच जागी नवी ठेवतो. पत्ता तोच, मुखपृष्ठ तेच, आतला धडा गायब. एनसीईआरटीच्या बारावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात जनआंदोलनांवर एक अख्खे प्रकरण होते. १९७२ साली मुंबईत जन्मलेली दलित पँथर त्या प्रकरणात होती. देशभरच्या मुलांना सरकारी पाठ्यपुस्तकातून पँथर कळत होती, ही लहान गोष्ट नव्हती. २०२२ मध्ये अभ्यासाचा भार हलका करण्याच्या नावाखाली ते प्रकरणच काढून टाकले. सातवीतला समतेसाठीच्या लढ्यांचा धडा गेला. दहावीच्या पुस्तकातले लोकशाही आणि विविधता हे प्रकरण गेले, जनसंघर्ष आणि चळवळींचे गेले, लोकशाहीपुढच्या आव्हानांचेही गेले. भार नेमका कोणाच्या डोक्यावरचा हलका झाला, हे ज्याचे त्याने ठरवावे.

त्याआधी २०१९ मध्ये नववीच्या इतिहासातले कपड्यांच्या सामाजिक इतिहासाचे प्रकरण वगळले गेले होते. गिरण्या, यंत्रमाग आणि चादरींच्या आपल्या सोलापुरातल्या मुलांनी तर ते वाचायलाच हवे होते. त्रावणकोरातल्या शानार स्त्रियांना अंगावर वस्त्र घेण्यासाठी काय सोसावे लागले हे त्यात होते. बाबासाहेबांनी कोट-पँट का सोडली नाही, त्यामागे स्वाभिमानाचे कोणते राजकारण होते, तेही होते. गांधींच्या पंचावर निबंध लिहिणाऱ्या मुलाला बाबासाहेबांच्या सुटावर चार ओळी वाचायला मिळत होत्या. तेवढेही खपले नाही.

आणि सहावीचे पुस्तक. भेदभावावरच्या धड्यात लहानग्या भीमरावाचा प्रवास होता. वडिलांना भेटायला निघालेली पोरे, जात कळताच दूर सरकलेला स्टेशनमास्तर, दुप्पट पैसे देऊनही बैल हाकायला तयार नसलेला गाडीवान. नऊ-दहा वर्षांच्या मुलाची ती कथा वाचून अकरा वर्षांच्या मुलाला जात म्हणजे काय हे कुठल्याही व्याख्येपेक्षा लवकर समजते. २०२४ मध्ये सहावीचे नवे पुस्तक आले. तो धडा त्यात नाही. आज एखाद्या आईने मुलीसाठी सहावीचे अधिकृत पुस्तक उतरवून घेतले तर भीमराव त्या बैलगाडीत कधी बसलाच नव्हता असे होते. मूळ कथा मात्र बाबासाहेबांच्याच शब्दांत बाराव्या खंडात आहे. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावरही ती मोफत वाचता येते. ज्या विद्यापीठात ते १९१३ साली शिकायला गेले ते ती जपून ठेवते आणि ज्या देशाचे संविधान त्यांनी लिहिले तिथल्या सहावीच्या वर्गातून ती हद्दपार होते.

पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत चळवळीचे वागणेही नेहमी शहाणपणाचे झाले असे नाही. २०१२ मध्ये अकरावीच्या पुस्तकातल्या जुन्या व्यंगचित्रावरून वादळ उठले आणि पुण्यात प्रा. सुहास पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. त्या चित्राबद्दल मनात सल असणे समजण्यासारखे होते. पण खुर्च्या मोडून काय मिळाले? अभ्यासकांनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले, आणि पुस्तकांत कात्री चालवायला सरकार नावाच्या संस्थेला आमच्या दुःखाचे निमित्त मिळाले. दहा वर्षांनी त्याच कात्रीने पँथर कापली तेव्हा एकही मोर्चा निघाला नाही. १९८८ च्या फेब्रुवारीत हिंदुत्वाच्या कोड्यांसाठी मुंबईत लाखोंनी रस्त्यावर उतरलेली हीच चळवळ आहे, हे आठवले की वाईट वाटते.

वकील म्हणून एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो की हे उतरवून घेणे, छापणे कायद्यात बसते का? वाचण्यासाठी उतरवून घ्यायला कोणाची हरकत नाही. छापून वाटण्याचा प्रश्न वेगळा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सर्वांचे झाले. १९३६ चे जातिसंहाराचे भाषण आज कोणीही छापू शकतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मूळ इंग्रजीत १९५७ मध्ये, म्हणजे मरणोत्तर प्रसिद्ध झाला. मरणोत्तर ग्रंथाची साठ वर्षे प्रसिद्धीपासून मोजतात, म्हणून तो २०१८ पासून मोकळा झाला. पण जे लेखन शासनाच्या खंडांतूनच पहिल्यांदा बाहेर आले, उदाहरणार्थ १९८७ च्या चौथ्या खंडातली कोडी, ते अजून मोकळे नाही. अनुवादकाचा हक्कही वेगळा असतो, हे मराठी आवृत्त्या छापणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने प्रत काढली तर ती मात्र कायद्याच्या कलम ५२ ने संरक्षित आहे. २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने बड्या परदेशी प्रकाशकांविरुद्ध हाच अर्थ लावला आणि शिकवणे म्हणजे केवळ वर्गातले व्याख्यान नव्हे असेही म्हटले. रविवारी विहारात धडा शिकवणाऱ्या कार्यकर्त्याने या निकालाचा आधार घ्यायला काही अडचण नाही, असे माझे मत आहे. न्यायालयांचे निकाल तर छापायला मोकळेच आहेत.

फुकट मिळणारे सगळेच मुलांच्या हातात जसेच्या तसे द्यावे असेही नाही. सोलापूर जिल्ह्याचा १८८४ चा इंग्रजी गॅझेटियर इंटरनेटवर आहे. बाजार, तलाव, पिके, दुष्काळ यांच्या माहितीची ती खाण आहे. पण त्यातली जातींची वर्णने गोऱ्या साहेबाने कोणाला विचारून लिहिली असतील? पाटील-कुलकर्ण्याला, की राजवाड्यातल्या माणसाला? हा प्रश्न शेजारी बसून विचारणारे मोठे माणूस हवे. उलट वळसंगची विहीर घ्या. १९३७ साली बाबासाहेबांच्या हस्ते खुली झालेली ती विहीर अक्कलकोट रस्त्यावर आहे, एसटीने जाता येते. याच वर्षी १७ मार्चला महाडच्या चवदार तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयात आपण जिंकला होता. तळ्याचा निकाल आणि आपल्या जिल्ह्यातली विहीर एकाच वर्षाची, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात शेजारी शेजारी छापलेले नाही. ते आपणच जोडून दाखवायचे आहे.

भाषेची अडचण मोठी आहे. बाबासाहेबांचे मूळ खंड इंग्रजीत, संविधान सभेच्या चर्चा इंग्रजी-हिंदीत. २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण मराठीत मिळते, पण राखीव जागांवर, भाषिक अल्पसंख्याकांवर, मालमत्तेच्या हक्कावर झालेल्या रोजच्या चर्चा आठवीतल्या मुलीला समजतील अशा मराठीत कुठे आहेत? दरवर्षी जयंतीला डॉल्बीवर होणाऱ्या खर्चाचा दहावा हिस्सा प्रत्येक मंडळाने एका अनुवादकाला दिला, तर पाच वर्षांत काय होईल याचा हिशेब मांडून पाहावा.

मोबाईल सगळ्यांकडे नाही, हे कोरोनाने दाखवले. २०२० मध्ये सरकार म्हणत होते, शाळा बंद पण शिक्षण सुरू. तेव्हा नीलमनगरातल्या आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी यंत्रमाग कामगारांच्या घरांच्या भिंतीच धड्यांनी रंगवून काढल्या, कारण पोरांच्या घरी स्मार्टफोन नव्हता. पोरे भिंतीसमोर उभी राहून शिकली. मोबाईलशिवायही धडा वस्तीपर्यंत नेता येतो, हे सोलापूरने तेव्हाच दाखवले आहे.

म्हणून प्रत्येक विहारात एक जुना संगणक आणि एक हार्ड डिस्क असावी. २०२२ च्या आधीची एनसीईआरटीची पुस्तके जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि निवृत्त शिक्षकांच्या माळ्यांवर अजून आहेत. ती गोळा करून स्कॅन करावीत. बालभारतीची चालू पुस्तके दर जूनमध्ये उतरवून त्यावर वर्ष टाकून ठेवावीत, म्हणजे पुढच्या जूनमध्ये काय गेले ते दिसेल. न्यायालयात आम्ही पुरावा असाच जपतो, तारखेसह. बाराव्या खंडातल्या त्या बैलगाडीच्या प्रवासाची काही पाने आहेत. बुधवार पेठेत झेरॉक्स काढली तर एका मुलामागे एका चहाच्या आत खर्च येतो.