मालट्रकचा चालक
लासलगावचा कांदा वाशीच्या बाजारात पहाटे उतरतो तेव्हा, देशातील सुमारे ७० टक्के मालवाहतूक ज्या रस्त्यांवरून होते त्यांवर रात्रभर जागलेल्या चालकाचे स्मरण क्वचितच कोणास होते. या प्रचंड व्यवसायाचा भार मुख्यतः पाचांहून कमी गाड्या बाळगणाऱ्या मालकांनी उचलला आहे, हे अनेकांस विस्मयकारक वाटेल. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर अमलात आला, मुंबईची जकात संपुष्टात आली, नाक्यांवरील खोळंबा ओसरला. परंतु चालकाच्या केबिनमध्ये वातानुकूलनाची सक्ती १ ऑक्टोबर २०२५ पासून निर्माण होणाऱ्या मालट्रकांपुरतीच असल्याने, इंजिनाच्या धगीशेजारी बसून वैशाखात घाट चढणाऱ्या जुन्या गाड्यांच्या चालकांसाठीही सरकारने तातडीने तजवीज करावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.