ताल आणि तोल

नगरहून दौंडकडे जाताना अरणगावाजवळ मेहेराबादची टेकडी लागते. 10 जुलै 1925 पासून 31 जानेवारी 1969 ला देह ठेवीपर्यंत मौन पाळणाऱ्या मेहेरबाबांची समाधी तेथे आहे. या निःशब्द टेकडीचा पाश्चात्त्य रॉक संगीतातील एका अत्यंत दणदणीत ड्रमवादकाशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनातही येणार नाही. पण तो आहे, आणि विचार करण्याजोगा आहे.

लंडनच्या ‘द हू’ या वाद्यवृंदाचा ड्रमवादक कीथ मून 7 सप्टेंबर 1978 रोजी, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी गेला. या वृंदाचा गिटारवादक व गीतकार पीट टाऊनशेंड हा मेहेरबाबांचा अनुयायी. 1971 च्या ‘बाबा ओरायली’ या गीताच्या नावातील ‘बाबा’ ते हेच.

ड्रमवादकाने मागे बसून ठेका धरावा, ही सर्वसाधारण अपेक्षा मूनने मोडली. तमाशातील कसलेला ढोलकीवाला जसा लावणीच्या अदेला जाब देतो, तसा तो गाण्याला उत्तर देत असे. हा निव्वळ धुडगूस नव्हता. ‘बाबा ओरायली’त यंत्रावर आधीच मुद्रित केलेली सुरावट आहे. रंगमंचावर ती वाजू लागली, की मून कानांना हेडफोन लावून तिच्याशी लय जुळवी. गायक संगतकाराला सांभाळून घेतो. यंत्र कोणासाठी थांबत नाही. तेथे टिकायला शिस्तच लागते.

दुर्दैवाने त्याची कीर्ती झाली ती हॉटेलांच्या खोल्या उद्ध्वस्त करणारा अवलिया म्हणून. नोव्हेंबर 1973 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोनजीकच्या कार्यक्रमात तो नशेने वाद्यावरच कोसळला. तेव्हा श्रोत्यांतील एका 19 वर्षांच्या तरुणाला त्याच्या जागी बसवून कार्यक्रम पुरा करण्यात आला. बाजारपेठेचा हा नियम निष्ठुर खरा, पण अपवादात्मक नव्हे. कलावंताच्या विक्षिप्तपणाचीही तिकिटे खपतात. त्याची किंमत मात्र तो एकटा मोजतो. अखेर दारू सुटावी म्हणून दिलेल्या औषधाच्या गोळ्याच त्याने प्रमाणाबाहेर घेतल्या आणि त्यातच त्याचा अंत झाला.

प्रतिभा आणि नशा या जुळ्या बहिणी आहेत, असा समज महाविद्यालयीन तरुणांत आजही आढळतो. मूनचे चरित्र त्याच्या विरुद्ध साक्ष देते. नशेने त्याचे वादन घडविले नाही. उलट अखेरच्या वर्षांत ते पोखरले. मेहेरबाबांनी 1960 च्या दशकातच पाश्चात्त्य तरुणांना अमली पदार्थांविषयी सावध केले होते. टाऊनशेंडने ते मानले, तरी 1980 च्या सुमारास तोही व्यसनात सापडला आणि उपचारांनीच बाहेर आला. तात्पर्य, उपदेश आवश्यक असला तरी पुरेसा नसतो. घसरणाऱ्याला सावरणारी माणसे आणि व्यवस्था लागते.

याच जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीने 1975 नंतर दारूच्या भट्ट्या बंद पाडल्या. तेथील कठोर उपायांविषयी मतभेद असू शकतील. पण व्यसन ही पिणाऱ्याची खाजगी बाब नसून साऱ्या गावाची जबाबदारी आहे, हे त्या गावाने ओळखले. मूनभोवती लक्षावधी चाहते होते. असे गाव मात्र नव्हते.

आपल्याकडेही फडावरच्या ढोलकीवाल्याला आपण दाद देतो, दौलतजादा करतो. तंबू उतरल्यावर तो कोठे जातो, काय पितो, आजारपणात त्याला कोण पाहते, याची चौकशी कितीजण करतात? मूनला श्रद्धांजली वाहायची, तर त्याच्या खोडसाळपणाच्या कथा पुन्हापुन्हा रंगवून ती वाहिली जाणार नाही. त्याचे वादन लक्षपूर्वक ऐकावे, आणि आपल्या आसपास कोणाचा तोल जात असेल, तर टाळ्या थांबवून त्याला हात द्यावा.