रक्तकमळाचे गीत

जपानी चित्रमालिका म्हणजे मोठाले डोळे, तलवारी आणि आरडाओरडा, अशी समजूत करून घेऊन अनेक सुशिक्षित घरांतील वडीलधारी मंडळी मुलांच्या हातातील मोबाईल काढून घेतात. त्यांनी ‘डीमन स्लेयर’ या मालिकेचे २०१९ सालचे शीर्षकगीत एकदा तरी अर्थासह ऐकावयास हवे. गीत जेमतेम दीड मिनिटाचे. पण कथेचा सारा गाभा त्यात आला आहे.

गायिका लिसा हिनेच लिहिलेल्या या गीताचे नाव ‘गुरेंगे’, म्हणजे रक्तकमळ. आपल्याला कमळ म्हटले की लक्ष्मी आठवते. जपानी मनात मात्र या शब्दाला आणखी एक, दारुण अर्थ आहे आणि तो गेला आहे भारतातून. वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’त आठ शीत नरक सांगितले आहेत. त्यांतील एकाचे नाव ‘पद्म’. तेथील थंडीने देह फाटतो आणि ती जखम उमललेल्या लाल कमळासारखी दिसते. ही कल्पना चिनी भाषांतरांच्या वाटेने जपानला पोहोचली. पुढे तेथे हाच शब्द धगधगत्या ज्वाळेसाठीही रूढ झाला. फूल, ज्वाळा आणि गोठवणारी यातना हे तिन्ही अर्थ एकाच नावात नांदतात.

आता कथा पाहा. तैशो काळातील (१९१२ ते १९२६) एका डोंगरावर कोळसा विकून घर चालविणारा तांजिरो परततो, तेव्हा त्याचे कुटुंब कापले गेलेले असते. बर्फावर रक्त सांडलेले आहे. एकटी बहीण नेझुको वाचते. पण तीही राक्षस होऊ लागलेली. तिला पाठीवर घेऊन तो बर्फ तुडवीत निघतो. शीत नरकातील ते लाल कमळ पहिल्याच भागात प्रेक्षकासमोर उभे राहते.

गीतात विजयाचा गर्व कोठेही नाही. आपण समर्थ का व्हावयाचे, याचे कारण सापडल्याची जाणीव त्यात आरंभीच येते. दुःखाविषयी तक्रार नाही, उलट कृतज्ञता आहे. पराभव पचविल्यानंतरच कमळाला उमलण्याची हाक दिली जाते. बलोपासना कशासाठी, या प्रश्नाचे तांजिरोपाशी असलेले उत्तर साधे आहे: बहिणीसाठी. सूड त्याच्या मनात असेलही, पण तो दुय्यम.

अर्थात, मालिकेतील रक्तपात लहान मुलांसाठी नव्हेच, हे पालकांचे म्हणणे रास्त आहे. मात्र शब्द मुळात आपला, म्हणून छाती फुगवून घेण्याचेही कारण नाही. आपल्याकडे तो ग्रंथांत राहिला. त्यांनी तो तरुणांच्या ओठी आणला. १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या ‘महाभारता’चे, महेंद्र कपूर यांनी गायिलेले शीर्षकगीत असेच आशयघन होते. नंतरच्या बऱ्याच मालिकांची शीर्षकगीते नायिकेच्या दागिन्यांवरून कॅमेरा फिरविण्यापुरतीच उरली!

सप्टेंबर २०२५ मध्ये याच मालिकेचा चित्रपट भारतातील चित्रपटगृहांत हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही लागला. तो पाहून आलेल्या मुलाला घरच्यांनी तांजिरोविषयी विचारून पाहावे. किती राक्षस मारले, हे तो सांगेलच. पण मरणाऱ्या राक्षसाचा हात हाती धरून तांजिरो प्रार्थना का करतो, हेही विचारावे. राक्षस हा एके काळी माणूसच होता, हे त्या मुलाला बहुधा ठाऊक असते.