क्रूझचं तिकीट काढण्याआधी विचारायचे प्रश्न



लग्नाचा पंचविसावा किंवा पन्नासावा वाढदिवस आला की आपल्याकडे मुलं विधान ठेवतात, स्नेहभोजन देतात, आईवडिलांना शिखरजीला नेऊन आणतात. अलीकडे त्यात क्रूझची भर पडली आहे. मुंबईहून गोवा-लक्षद्वीप, नाहीतर सिंगापूरहून पेनांग-फुकेत. मुलं हौसेनं तिकिटं काढतात आणि आईला सांगतात, "आई, तिथे जैन फूड मिळतं. तू काही काळजी करू नकोस."

मुलांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण "जैन फूड मिळतं" एवढ्या तीन शब्दांवर लाख-दोन लाख रुपये आणि वीस-तीस वर्षं पाळलेला नियम सोपवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या बाईचा नियम आहे तिनं स्वतः प्रश्न विचारावेत, ते पैसे भरण्याआधी विचारावेत आणि उत्तरं लेखी घ्यावीत. नंतर विचारलेल्या प्रश्नाला "बघू, करू काहीतरी" एवढंच उत्तर मिळतं.

पहिला प्रश्न अर्थातच जेवणाचा. विमानात जैन जेवणासाठी व्हीजेएमएल असा ठरलेला कोड आहे. तिकीट काढताना तो टाकला की कंपनीला कळतं की कांदा-लसूण नको, जमिनीखालचं नको. जहाजांना असा सर्वत्र चालणारा एक कोड नाही. प्रत्येक कंपनीचा "जैन" या शब्दाचा अर्थ वेगळा असतो. कुणी फक्त कांदा-लसूण वगळतं आणि बटाट्याची भाजी वाढतं. म्हणून "जैन जेवण आहे का?" असं न विचारता पदार्थांची नावं घेऊन विचारा. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, ओलं आलं, अळंबी, अंडं, मध, जिलेटिन. पुडिंग आणि जेलीत जिलेटिन असू शकतं, केकमध्ये अंडं असतं, नाश्त्याच्या कोरड्या सीरियलमध्ये मध असतो. सिंगापूर-थायलंडकडच्या "व्हेज" भाजीत माशांचा किंवा कालवांचा सॉस सहज पडतो. तिकडच्या बौद्ध शाकाहारी जेवणात कांदा-लसूण नसतो हे खरं, पण गाजर, मुळा, अळंबी भरपूर असते. तवा, कढई, झारा वेगळा ठेवतात का, हेही विचारा. एकच स्वयंपाकघर असेल तर ते आपल्याला चालणार आहे की नाही, याचा निर्णय घरी शांतपणे घेता येतो. बुफेच्या रांगेत तो घ्यायची वेळ येऊ नये.

दुसरा प्रश्न वेळेचा, आणि माझ्या मते तो जेवणापेक्षाही मोठा आहे. पदार्थ जैन असून उपयोग काय, जर तो रात्री आठला ताटात आला? मोठ्या जहाजांवर रात्रीच्या जेवणाच्या बऱ्याचदा दोन पंगती असतात. पहिली साडेपाच-सहाला, दुसरी आठच्या सुमारास. आधी सांगितलं तर पहिली मिळते. काही जहाजांवर मुख्य जेवण सुरूच उशिरा होतं. तिथे आपलं जेवण आधी मिळेल का, आणि गरम मिळेल का, हे विचारावं लागतं. मुंबईकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. सूर्यास्ताआधी दोन घडी, म्हणजे 48 मिनिटं, जेवण आटोपायचा ज्यांचा नियम आहे त्यांना सव्वापाचला हात धुवावे लागतात. सिंगापूरला वर्षभर सूर्यास्त सातच्या आसपास असतो, त्यामुळे तिथे जरा सोपं जातं. मात्र थायलंडचं घड्याळ सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे आणि जहाजावरचं घड्याळ कधी बदलतात, कधी बदलत नाहीत. म्हणून निघण्याआधी प्रत्येक दिवसाच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा कागदावर उतरवून घ्या. किनाऱ्यावरच्या सहली किती वाजता परत येतात, हेही तेव्हाच विचारा. संध्याकाळी साडेसहाला परतणारी बस म्हणजे त्या दिवशीचा उपास!

तिसरा प्रश्न पाण्याचा आणि देवदर्शनाचा. जहाजावर वापरायचं बरंचसं पाणी समुद्राच्याच पाण्यातलं मीठ काढून तयार केलेलं असतं. गाळलेलंच पाणी पिणाऱ्यांनी आपलं गाळणं बरोबर न्यावं. उकळलेलं पाणी घेणाऱ्यांनी खोलीत किटली असते का ते विचारावं. नसेल तर चहाच्या काउंटरवर गरम पाणी मिळतं, ते थर्मासमध्ये भरून ठेवता येतं. रोज दर्शन घेतल्याशिवाय तोंडात पाणी न घेण्याचा ज्यांचा नियम आहे, त्यांनी जाण्याआधी महाराजांना किंवा माताजींना विचारावं. नियम घेताना प्रवासाची सूट ठेवली होती का, नसेल तर काय करावं, हे तेच सांगतील. परत येऊन प्रायश्चित्त मागण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

आता तुमच्यापैकी कितीतरी जणी म्हणतील, "एवढं कशाला? इंडक्शन, छोटा कुकर आणि डाळ-तांदूळ घेऊन जाऊ." यात्रेला आपण तसंच करतो. जहाजावर ते चालत नाही. आगीच्या भीतीने शेगडी, इंडक्शन, इस्त्री अशा वस्तू केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, सामान तपासताना काढून घेतात. घरी केलेलं जेवणही बऱ्याच कंपन्या आत नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातले खाकरे, चिवडा बहुधा चालतो, पण तेही विचारूनच न्या. आणि खरं सांगू का? परवानगी असती तरी मी नेलं नसतं. खोलीत बसून चौघांची खिचडी शिजवायची असेल तर ती सुट्टी घरच्यांची झाली, आपली नाही.

आमच्या ओळखीतल्या एका काकूंचं सांगते. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुलांनी त्यांना क्रूझवर नेलं. जैन जेवण आहे असं बुकिंग करणाऱ्यानं तोंडी सांगितलं होतं. जेवण होतंही, पण रात्री साडेसातनंतर. काकूंनी सगळे दिवस संध्याकाळी केळी, सफरचंद आणि खाकऱ्यांवर काढले. घरातल्या कुणाला त्या चकार शब्द बोलल्या नाहीत, मुलांचा विरस नको म्हणून. परत आल्यावर मुलगा सगळ्यांना सांगत होता, "आईने खूप एन्जॉय केलं." ते ऐकून मला वाईट वाटलं. ज्यांच्यासाठी सोहळा केला त्याच बाई तिथे अर्धपोटी राहिल्या, आणि आपण त्याला काकूंचा समजूतदारपणा म्हणतो. मला तो समजूतदारपणा वाटत नाही. चार प्रश्नांची ईमेल आधी गेली असती तर काकूही पोटभर जेवल्या असत्या आणि मुलालाही खरं समाधान मिळालं असतं.

आम्ही गेल्या मार्गशीर्षात सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझवर गेलो होतो. माझ्या सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत, तीस वर्षांपासून त्यांचा रात्रीभोजनाचा त्याग आहे. त्यांनी मला प्रश्न सांगितले, मी लिहून घेतले, लेकीनं ते इंग्रजीत करून पाठवले. दोन महिने आधी पाठवल्यामुळे उत्तरं आली. साडेपाचची पंगत मिळाली. बटाट्याबद्दल मात्र "जहाजावर आल्यावर बोला" असं मोघम उत्तर होतं. पहिल्याच दिवशी मी ती ईमेल छापून हेड वेटरला दाखवली. मग तो रोज संध्याकाळी येऊन दुसऱ्या दिवसाचं जेवण विचारून जायचा. सांबारात कांदा होता, म्हणून सकाळी सासूबाईंनी इडली दुधाबरोबर खाल्ली. फुकेतची दिवसभराची सहल उशिरा परतणार होती, ती सोडून आम्ही सकाळची छोटी सहल घेतली. एवढीच काय ती तडजोड. पण ती आम्ही ठरवून केलेली होती, कुणी आमच्यावर लादलेली नव्हती.

धर्माचे प्रश्न झाले, आता व्यवहाराचे. जाहिरातीतला दर बहुधा दोघांनी एक खोली घेतली तर माणशी किती असा असतो. एकटीने जाणाऱ्या बाईला जवळजवळ दुप्पट भरावे लागू शकतात. बंदराचे कर आणि सेवकांची बक्षिसी दरात धरली आहे का, ते विचारा. मोठ्या अमेरिकन कंपन्या माणशी रात्रीला साधारण 15 ते 20 डॉलर बक्षिसी लावतात. चौघांच्या चार रात्रींना कमीत कमी 240 डॉलर झाले. इंटरनेट, कपडे धुणं, किनाऱ्यावरच्या सहली, खास रेस्टॉरंट हे सगळं बहुधा वेगळं असतं. खर्च खोलीच्या कार्डावर चढत जातो, हातातून नोट जात नाही, म्हणून रोज रात्री हिशेब बघायची सवय ठेवा. जहाज निघालं की मोबाइल विमान मोडवर टाका, समुद्रातल्या नेटवर्कचं रोमिंग फार महाग पडतं. परदेशी पॅकेजवर टीसीएस भरावा लागतो, त्याची पावती जपा. आयकर विवरणपत्रात तो समायोजित होतो.

कागदपत्रांत पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परत यायचं असेल तर व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे पाहा. लक्षद्वीपला उतरायला आपल्यालाही प्रवेश परवाना लागतो. तो कंपनी काढून देते का, ते विचारा. तिथे जहाज किनाऱ्याला लागत नाही, छोट्या बोटीतून जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी चढ-उताराची चौकशी आधीच करावी.

समुद्र लागण्याची भीती असेल तर खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मधोमध असलेली खोली घ्या, तिथे हेलकावे कमी जाणवतात. ओलं आलं आपल्याला चालत नाही, पण सुंठ चालते. सुंठ-खडीसाखरेची डबी जवळ ठेवा आणि गोळी कोणती घ्यायची ते आपल्या डॉक्टरांना विचारा. जहाजावरच्या डॉक्टरांचं बिल मोठं येतं आणि घरचा आरोग्य विमा परदेशात सहसा चालत नाही, त्यामुळे प्रवास विमा घ्याच. परदेशी जहाजांच्या बाथरूममध्ये बहुतेक वेळा पाण्याचा जेट नसतो. छोटा मग बरोबर ठेवा, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. सुरक्षेचा सराव सगळ्यांना सक्तीचा असतो. त्या वेळी सामायिक थोडं पुढे ढकला आणि जरूर जा.

"जिथे बार आहे, कॅसिनो आहे, मांसाहार आहे, तिथे जैन बाईने जावंच कशाला?" असंही काही जणी विचारतील. हा प्रश्न मी टाळणार नाही. ज्यांनी दिग्व्रत घेतलं आहे त्यांनी आपली मर्यादा आधी तपासावी. ज्यांच्या मनाला ते वातावरण सोसत नाही, त्यांनी जाऊ नये आणि घरच्यांनीही आग्रह करू नये. "नको" म्हणणं हेसुद्धा एक उत्तर आहे. पण समुद्रप्रवासच आपल्याला वर्ज्य आहे असं नाही. अष्टाह्निकेत आपण श्रीपाल-मैनासुंदरीची कथा ऐकतो. धवल सेठच्या जहाजांवर निघालेल्या श्रीपालाला समुद्रात ढकलून दिलं, तरी त्याचा णमोकार सुटला नाही. आपले व्यापारी पूर्वज जहाजाने गेले, नियम बरोबर घेऊन गेले. चातुर्मासात मात्र बेत करू नका. त्या काळात आपल्याला प्रवास कमी करायला सांगितलं आहे, आणि अरबी समुद्रही तेव्हा खवळलेला असतो.

एक गोष्ट मुलांनाही सांगा. बुफेत हवं तेवढंच वाढून घ्या. किनाऱ्यापासून ठरावीक अंतरावर गेल्यावर अन्नाचा कचरा दळून समुद्रात सोडायला आंतरराष्ट्रीय नियम परवानगी देतात. आपल्या ताटातलं उष्टं शेवटी कुठे जाऊ शकतं, हे कळलं की मुलं आपोआप कमी वाढून घेतात.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी मुलाने मोबाइलवर जहाजाचे फोटो दाखवले की कौतुक जरूर करा. मग वही काढा आणि आपले प्रश्न त्याला लिहून द्या. उत्तरं आली, ती पटली, की मगच पैसे भरा. घरातल्या सासूबाई, आई, काकू यांना वेगळं बसवून विचारा, कारण सगळ्यांसमोर त्या "माझं काय, चालतं मला" एवढंच म्हणतील.