पुड्यावरचा हिरवा ठिपका

पुड्यातल्या बिस्किटात अंडे असते काय? चरबी असते काय? महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतून हा प्रश्न अजूनही विचारला जातो. आमच्या शाहपुऱ्यासारख्या वस्तीत जैन, बंगाली, मुसलमान, पंजाबी असे सर्वांचे जाणेयेणे असते. तेथे पाहुण्यापुढे बशी ठेवताना गृहिणीला हा विचार करावाच लागतो.

बिस्किटाविषयीचा संशय आपल्याकडे तसा जुनाच. ४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, टिळक प्रभृती मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध केली आणि जे ग्रामण्य माजले, ते थेट शंकराचार्यांपर्यंत गेले. वाद बिस्किटात काय आहे याचा नव्हता. ते कोणाच्या हातचे, याचा होता.

आजचा प्रश्न वस्तूचा आहे, आणि तो रास्त आहे. १९८३ साली वनस्पती तुपात जनावरांची चरबी मिसळल्याचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा घराघरांत केवढी अस्वस्थता पसरली होती! आपण काय खातो, हे जाणण्याचा अधिकार ग्राहकाला असलाच पाहिजे. २००१-०२ मध्ये तो अधिकार चिन्हांच्या रूपाने पुड्यावर आला. चौकटीत हिरवा ठिपका असेल तर पदार्थ शाकाहारी; तपकिरी चिन्ह असेल (पूर्वी ठिपका, आता त्रिकोण) तर त्यात मांस, मासे, अंडे वा प्राण्यापासून मिळालेला अन्य घटक आहे. दूध व दुधाचे पदार्थ मात्र कायद्याने शाकाहारात मोडतात.

पार्ले-जीचा पुडा उलटून पाहावा. गव्हाचे पीठ, साखर, पामतेल, दुधाची भुकटी अशी नावे आढळतात आणि ठिपका हिरवा असतो. बाजारातल्या बहुतेक लोकप्रिय बिस्किटांची गोष्ट अशीच. शंका येते ती आकड्यांपाशी. ४७१ हा घटक स्निग्ध पदार्थांपासून बनतो. तो वनस्पतिजन्यही असू शकतो, प्राणिजन्यही. म्हणून नुसता आकडा पाहून घाबरू नये, ठिपका पाहावा. २०२१ च्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने घटकाचे नाव वा क्रमांक देऊन भागणार नाही, तो वनस्पतीपासूनचा, प्राण्यापासूनचा की प्रयोगशाळेतला, हेही प्रकट केले पाहिजे, असा आदेश दिला. मग त्याचे प्रमाण कितीही अल्प असो.

तीन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. दूधही वर्ज्य मानणाऱ्याला हिरवा ठिपका पुरेसा नाही. त्याने घटकांची यादी वाचावी. बेकरीतल्या सुट्या बिस्किटांना पुडा नसतो, तेव्हा अंडे घातले आहे काय, हे विक्रेत्याला सरळ विचारावे. त्यात संकोच कसला? आणि हिरवा ठिपका हा काही उपवासाचा परवाना नव्हे, कारण आत गहू असतो!

मात्र चौकशी आपल्या पुड्यापुरती असावी. शाळेत आम्ही मुलांना पुड्यावरील मजकूर वाचावयास सांगतो. शेजारच्या मुलाच्या डब्यात डोकावून त्याला हिणवण्याची मुभा कोणालाही देत नाही. ठिपका पदार्थाची जात सांगतो, खाणाऱ्याची नव्हे. पुण्याचे ते ग्रामण्य आता इतिहासजमा झाले आहे. डब्यांच्या निमित्ताने ते मुलांच्या वर्गात पुन्हा अवतरू नये, याची काळजी घरातील वडीलधाऱ्यांनीच घ्यावयाची आहे.