प्रबंधातले आकडे पूर्ण छापा : मागणीपत्र
प्रति,
मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, म्हसरूळ, नाशिक.

महोदय,

नाशिकमधले पदव्युत्तर विद्यार्थी, त्यांचे गाईड आणि संख्याशास्त्राचे शिक्षक यांच्या संघटनेच्या वतीने हे मागणीपत्र देत आहोत.

एक उदाहरण घेऊ. समजा, नेहमीच्या मलमपट्टीने ४० पैकी ८ जणांच्या जखमेत पू झाला, नव्या पद्धतीने ४० पैकी ४ जणांच्या. पी व्हॅल्यू ०.२१ येते आणि प्रबंधात ओळ पडते : ‘फरक आढळला नाही.’ हेच आकडे ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हलने मांडले, तर शंभर रुग्णांमागे सुमारे २५ जणांचा संसर्ग टळण्यापासून सुमारे ५ जणांचा वाढण्यापर्यंत काहीही शक्य आहे. नवी पद्धत फसली असे यातून ठरत नाही. रुग्ण कमी पडले, एवढेच ठरते. पुढचा डॉक्टर मात्र ती एक ओळ वाचून चांगला उपाय बाजूला ठेवील.

म्हणून प्रत्येक मुख्य निष्कर्षाशेजारी मूळ संख्या, दोन गटांतला फरक आणि इंटरव्हल छापणे सक्तीचे करावे. पी व्हॅल्यू ‘०.०५ पेक्षा कमी’ अशी मोघम नको, आली तेवढी लिहावी. रुग्णालयातला मुक्काम ‘६ ± ७ दिवस’ असला तर मध्यक द्यावा. उणे एक दिवस कोणी भरती राहत नाही.

संख्याशास्त्रज्ञाची सही सिनॉप्सिसवरच हवी. आज मुले सगळे रुग्ण संपल्यावर मास्टर चार्ट पेन ड्राइव्हवर घेऊन येतात आणि ‘सर, पी काढून द्या’ म्हणतात. दोष त्यांचा नाही, त्यांना आधी कोणी बोलावलेलेच नसते. सँपल साईझ कशी काढली आणि मुख्य निष्पत्ती कोणती, हे तेव्हाच लिहून घ्यावे. क्लिनिकल चाचण्यांची राष्ट्रीय नोंदणी यंत्रणा सीटीआरआय १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी मागते. तीच शिस्त प्रबंधांना लावावी.

१९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने गडचिरोलीचा डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांचा नवजात बालकांवरील अभ्यास छापला, तेव्हा सेवा दिलेल्या ३९ गावांशेजारी तुलनेच्या ४७ गावांचे आकडेही होते. त्यामुळे बालमृत्यू घटल्याचा दावा कोणालाही ताडून पाहता आला. आपल्या प्रबंधांचे मास्टर चार्टही, रुग्णांची ओळख काढून, एक्सेल फाईलमध्ये जमा व्हावेत. शेवटच्या पानांवरचे बारीक छापील तक्ते भिंग घेऊनही वाचता येत नाहीत.

उपचाराचा फायदा दिसला नाही म्हणून परीक्षकांनी प्रबंध परत पाठवू नये, असे लेखी कळवावे. या मागण्या पुढच्या बॅचच्या सिनॉप्सिस परिपत्रकातच घालाव्यात.