साधा रविवार

सोलापुरात राहणाऱ्या माणसाला परधर्माची ओळख होते ती बहुधा सणावारी. मकरसंक्रांतीच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेस निघाले म्हणजे रस्त्याच्या दुतर्फा जी गर्दी उभी राहते, तिच्यात कोण कोणत्या पंथाचा याची चौकशी कोणी करीत नाही. ईदेच्या दिवशी शिरखुर्म्याचे डबे गल्ली ओलांडून घरी येतात. आणि नाताळात चर्चची रोषणाई पाहून, शेजाऱ्याच्या घरचा केक खाऊन आपण मोठ्या समाधानाने परततो. हा सलोखा खोटा आहे असे मी म्हणणार नाही. परंतु सणाच्या दिवशी प्रत्येक समाज यजमानाच्या ठेवणीतल्या पोशाखात असतो, आणि ज्या घरात आपण केवळ मेजवानीलाच गेलो, त्या घरातील माणसे एरवी काय बोलतात, कशाची काळजी करतात आणि पैशाचा मेळ कसा घालतात, हे आयुष्यभराच्या स्नेहानंतरही आपल्याला कळलेले नसते.

हा विचार माझ्या मनात घातला तो आमच्या शेजारच्या मास्तरांनी. मास्तर सेवानिवृत्त शिक्षक, पिढीजात ख्रिस्ती, आणि बोलण्यात मोजके. नाताळच्या देखाव्याची मी एकदा तोंड भरून तारीफ करीत असता ते म्हणाले, “डिसेंबरात सारं गाव येतं हो. एकदा साध्या रविवारी येऊन बसा.” त्या शब्दांत आग्रह नव्हता, तक्रारही नव्हती, पण नाकारण्यास मला कारण सापडेना. जुलैच्या पहिल्या रविवारी, आभाळ भरून आले असूनही पाऊस काही पडत नव्हता अशा सकाळी, मी मास्तरांच्या बरोबर रंगभवनाजवळच्या फर्स्ट चर्चमध्ये उपासनेस गेलो.

ज्या परंपरेतून ही मंडळी उभी राहिली, तिचा पूर्ववृत्तांत थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण पुढे मी जे पाहिले त्याचा उलगडा तिच्यावाचून होत नाही. १८१० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात स्थापन झालेल्या मिशनरी मंडळाची माणसे १८१३ मध्ये मुंबईस उतरली. १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरास ठाणे केले, तेथूनच १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे पत्र निघाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात अमेरिकन मराठी मिशनचा मुक्काम सोलापुरी पडला. ही माणसे प्रामुख्याने ‘काँग्रिगेशनल’ मताची होती. बिशपांची उतरंड नको, स्थानिक मंडळी हीच आपला कारभार पाहण्यास मुखत्यार, तिनेच आपला पाळक निवडावा व तिनेच त्याचा निर्वाह चालवावा, असे ते मत. १८५४ साली नगरास हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक या दोघा एतद्देशीयांना पाळकपदाची दीक्षा मिळाली ती याच विचाराला अनुसरून.

आत शिरताच दारातल्या वृद्ध गृहस्थांनी “सलाम” म्हणून हात पुढे केला, आणि आम्ही मधल्या एका बाकावर बसलो. समोर लाकडी पाटीवर त्या दिवशीच्या गीतांचे क्रमांक लावलेले होते. पेटी व तबला सुरू झाला, सारी मंडळी उभी राहिली. मी उभा राहीपर्यंत पहिले कडवे अर्धे झाले होते. पुढच्या गीताला मी तत्परतेने उठलो, तर ते बसून म्हणावयाचे होते. पाठीमागच्या बाकावरील नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीला माझी ही त्रेधा असह्य झाली असावी, कारण तिने ‘उपासना संगीत’ हे पुस्तक नेमके पान उघडून माझ्या हाती दिले आणि त्यानंतर प्रत्येक वेळी उठण्यापूर्वी माझ्या खांद्याला बोट लावण्याची तजवीज केली. पदांचे वळण अभंगाचे, चाली कानाला सवयीच्या. नगरचे कृष्णरत्न सांगळे यांनी कीर्तनाची आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजनाची वाट ख्रिस्ती उपासनेला कशी जोडून दिली, हे वाङ्मयेतिहासाने पुष्कळदा सांगितले आहे. त्याची पुनरुक्ती येथे नको.

मला स्तिमित केले ते निराळ्याच दोन गोष्टींनी. त्यांतील पहिली म्हणजे प्रार्थना. संस्कृत स्तोत्रांवर ज्याचे कान पोसले आहेत, त्याला देवाशी बोलण्याची भाषा ठरलेली, घोटलेली आणि काहीशी अलंकृत असावयाची, असेच वाटत असते. येथे एक बाई उठल्या आणि डोळे मिटून, स्वयंपाकघरात बोलावे इतक्या साध्या मराठीत, देवाच्या कानावर एकेक बाब घालू लागल्या: अमक्याचे ऑपरेशन मंगळवारी आहे, तमकीचा मुलगा पुण्यात नोकरी शोधतो आहे, पाऊस लांबला आहे, उजनीत पाणी येऊ दे, आणि आमच्या शहरातील नळाला सुटणारे पाणी सर्वांना मिळू दे. या ‘सर्वांना’मध्ये मीही होतो. पाण्याच्या पाळीवरून आमच्या गल्लीत जी भाषा नित्य चालते, ती मला ठाऊक आहे. त्याच पाण्याविषयी अशा भाषेत कोणी बोलते आहे, हे मला ठाऊक नव्हते.

दुसरी गोष्ट याहून गद्य. सूचनांची वेळ आली तेव्हा एक गृहस्थ कागद घेऊन पुढे आले आणि गेल्या रविवारचे अर्पण किती, वाढदिवसानिमित्त व उपकारस्तुतीखातर आलेल्या रकमा कोणाच्या, विजेचे बिल किती भरले, गळक्या छपराच्या दुरुस्तीस किती लागले, आणि शिल्लक काय राहिली, हा सारा जमाखर्च त्यांनी भर उपासनेत खणखणीत आवाजात वाचून दाखविला. एका आजींनी छपराच्या रकमेवर भुवया वर केल्या, त्या वाचणाऱ्याने पाहिल्या, आणि “पावती कचेरीत आहे, कोणीही पाहावी,” असे वाक्य त्याने आपणहून जोडले. माझ्यापुढे तेव्हा तो दीडशे वर्षांपूर्वीचा विचार उभा राहिला. १९७० च्या २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा निरनिराळ्या पंथांच्या ऐक्यातून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ निर्माण झाली, आणि ज्या काँग्रिगेशनल मंडळ्या तिच्यात सामील झाल्या त्यांच्या वाट्याला बिशपही आले. तरी मंडळी हीच मुखत्यार, हा मूळचा बाणा त्या आजींच्या भुवयांत शाबूत होता. ज्या भक्तिस्थानात देवापुढे पापांची कबुली द्यावयाची, तेथेच माणसांपुढे विजेच्या बिलाचीही द्यावी, यात मला तरी विसंगती दिसली नाही.

पाळकसाहेबांचा उपदेश झाला, आणि महिन्याचा पहिला रविवार म्हणून प्रभुभोजनाचा विधी आला. मास्तरांनी आदल्या दिवशीच मला सांगून ठेवले होते, “हे बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असतं. तुम्ही नुसते बसा, कोणाला काही वाटत नाही.” भाकरीचे लहान तुकडे आणि द्राक्षारसाचे इवलेसे पेले बाकांवरून फिरले, माझ्यापाशी आले तेव्हा मास्तरांनी तबक माझ्यापुढून शांतपणे पलीकडे दिले. त्या क्षणी मला अवघडल्यासारखे झाले हे खरे. पण जे सर्वांना वाटायचे ते हे लोक नाताळला वाटतातच. जे केवळ त्यांचे आहे, ज्यासाठी त्यांच्या पूर्वजांनी जातगोत आणि कित्येकदा घरदारही गमावले, ते त्यांनी पाहुण्याला शिष्टाचार म्हणून देऊ नये, हेच रास्त होय. केक खाताना मी त्यांच्या जितका जवळ होतो, त्याहून तबक पुढे गेले तेव्हा अधिक जवळ होतो असे मला वाटते, कारण त्यांच्या आणि माझ्या मधली सीमा मी प्रथमच स्वच्छ पाहिली, आणि तिच्या अलीकडे बसण्यास मला एक बाकही मिळाले होते.

परतताना एका हिशेबाने मात्र मी खजील झालो. मास्तर आमच्याकडे दिवाळीचा फराळ कित्येक वर्षे खात आले आहेत. गणपतीची आरास पाहून गेले आहेत. परंतु आमच्या साध्या दिवशी त्यांना कोणी बोलावल्याचे स्मरत नाही. आमच्या आळीत दर गुरुवारी भजन असते. तेथे आरास नसते, फराळ नसतो, पेटी अनेकदा बेसूर असते, आणि निम्मी मंडळी जांभया देत असतात. म्हणजे पाहुण्याने पाहावे असे सर्व काही असते. मी मास्तरांना आमंत्रण दिले, ते त्यांनी स्वीकारले. भजनी मंडळाच्या चिटणिसांच्या कानावर ही गोष्ट घातली, तेव्हा “येऊ द्या की, त्यात विचारायचं काय,” असे ते मोकळेपणाने म्हणाले. मात्र पाहुण्यांच्या देखत मंडळाचा सालाचा जमाखर्चही एकदा वाचून दाखवावा, ही माझी दुसरी सूचना त्यांनी तूर्त विचाराधीन ठेवली आहे.